दिल्लीचा आर्ट फेअर की कोचीचं बिनाले?

भाची पुण्यात उपयोजित कला शिकते. एकाच प्रवासाचे पैसे आहेत, जाऊ कुठे, असं तिने विचारलं.

आधी वेळ. 2008 साली सुरू झालेला इंडिया आर्ट फेअर फेब्रुवारीच्या आसपास, दिल्लीत ओखल्याच्या मैदानावर, जेमतेम चार दिवस भरतो. तारीख चुकली की वर्ष गेलं. कोची-मुझिरिस बिनाले, म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, 2012 पासून आहे. भरतं त्या वेळी डिसेंबरात उघडतं आणि काही महिने चालतं, त्यामुळे परीक्षा सांभाळून जाता येतं.

खर्चात मोठा वाटा प्रवास आणि मुक्कामाचाच. तिकीट मात्र दिल्लीत बरंच महाग पडतं.

खरा फरक पाहण्यात आहे. फेअर हा बाजार आहे. गॅलऱ्या विकायला येतात, म्हणून तय्यब मेहता, रझा यांच्यासारख्या दिग्गज चित्रकारांची चित्रं आणि कालपरवाच्या पोरांचं काम एकाच मंडपात भेटतं. छायाचित्रं असतात, 2024 पासून डिझाइनचा वेगळा विभागही आहे. किमती विचाराव्यात, त्यात संकोच नको. पण गर्दीत एका चित्रासमोर पाच मिनिटं उभं राहणं कठीण.

बिनालेत विक्री हा हेतूच नाही. फोर्ट कोची-मट्टनचेरीच्या जुन्या वखारींमध्ये बऱ्याचदा त्या जागेसाठीच घडवलेल्या कलाकृती असतात. सहाव्या आवृत्तीची मांडणी कलाकार निखिल चोप्रा आणि गोव्यातल्या एचएच आर्ट स्पेसेस या कलाकारांच्या गटाने केली. पायपीट होते, उकाडाही असतो. दोन दिवस हवेतच.

विकत घ्यायचं असेल, गॅलऱ्यांशी ओळख करायची असेल, तर दिल्ली. शिकणाऱ्याने आधी कोचीच गाठावं.