तक्ता वाचावा की सूत्र वापरावं?

फोंड्याची भाची परवा म्हणाली, "मामा, सशर्त संभाव्यतेला (म्हणजे एक गोष्ट घडली असेल तर दुसरीची शक्यता किती) सूत्र लावू की सरळ तक्त्यातून काढू?"

समजा, वर्गात 40 मुलं. दिवाडी बेटाहून फेरीने येणारी 24, त्यातली 6 उशिरा पोचतात. बसची 16, त्यातली 2 उशिरा. तक्त्यात फेरी आणि बस या दोन ओळी, 'उशिरा' आणि 'वेळेवर' हे दोन रकाने. साधी संभाव्यता सूत्राने काढा की तक्त्याने, सारखीच: उशिरा आलेले 8, भागिले 40, म्हणजे 0.2.

फरक पडतो तो पुढे. 'फेरीने आला असेल तर उशिराची शक्यता?' तक्त्यात बसच्या ओळीवर बोट ठेवून ती झाकायची; उरले 24, त्यात 6. उत्तर 0.25. सूत्राने, म्हणजे 'दोन्ही गोष्टी घडण्याची संभाव्यता भागिले अटीची संभाव्यता', 6/40 भागिले 24/40. उत्तर तेच, दोन्ही 40 उगाच येऊन कटतात.

चुकीचं म्हणाल, तर घोटाळा छेदात होतो. 'उशिरा आला, तर तो फेरीचा असेल का?' याचा छेद 8, उत्तर 0.75. सूत्रात ही अदलाबदल कळतही नाही; तक्त्यात ओळीऐवजी 'वेळेवर'चा रकाना झाकावा लागतो, म्हणून हात आपोआप थबकतो. (मी स्वतः बारावीत इथेच आपटलो होतो.)

आकडे मोजून दिले असतील, तर तक्ताच. नुसत्या संभाव्यता दिल्या असतील किंवा सिद्धता मागितली असेल, तर सूत्र सोयीचं. भाचीला सध्या तक्ता पुरे.