अ‍ॅशक्रॉफ्ट-मर्मिनचं ‘सॉलिड स्टेट फिजिक्स’: आठ महिने वापरून झाल्यावर

एम.एस्सी.ला सॉलिड स्टेटचा पेपर आला तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी किटेलचं पाठ्यपुस्तक घेतलं. मी ग्रंथालयातून अ‍ॅशक्रॉफ्ट-मर्मिन आणलं आणि पंधरा दिवसांत जुनी प्रत विकत घेतली. १९७६ सालचं पुस्तक, आठशेच्या वर पानं, ३४ प्रकरणं. जूनपासून आठवड्यातले चार-पाच दिवस तरी ते माझ्या टेबलावर उघडं असतं.

किटेल सुरू होतं स्फटिकरचनेपासून. इथे लॅटिस, म्हणजे अणूंची नियमित जाळी, चौथ्या प्रकरणात येते. त्याआधी ड्रूडचा १९०० सालचा सिद्धांत आहे: धातूतले इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंसारखे धावतात, आपटतात, पुन्हा धावतात. बी.एस्सी.ला हे मी दोन पानांत शिकले होते. विडेमान-फ्रांझचा नियम (धातूची उष्णतावाहकता भागिले विद्युतवाहकता हे गुणोत्तर तापमानाच्या प्रमाणात असतं) ड्रूडने सिद्ध केला, एवढंच तेव्हा कळलं होतं. या पुस्तकात त्यामागची खरी हकिकत मिळाली. ड्रूडच्या गणितात विद्युतवाहकता चुकून निम्मी आली, म्हणून लॉरेन्झ अंक (तेच गुणोत्तर भागिले तापमान) २.२२ × १०⁻⁸ आला आणि प्रयोगाशी छान जुळला. चूक दुरुस्त केली की उरतो १.११. तोही इतका जवळ येतो, कारण इलेक्ट्रॉनांची विशिष्ट उष्णता सुमारे शंभरपट जास्त धरली गेली आणि वेगाचा वर्ग तितकाच कमी. दोन्ही चुका एकमेकींना छेदून जातात. हे वाचलं त्या रात्री मी जुनी वही काढून सगळं गणित नव्याने केलं.

त्याच प्रकरणात हॉल परिणामाचा (प्रवाहाला आडवं चुंबकीय क्षेत्र लावलं की धातूत आडवा विद्युतदाब तयार होतो, त्याचा) एक लहानसा तक्ता आहे. त्यातला आकडा म्हणजे मोजणीतून दिसणारे वाहक भागिले संयुजा इलेक्ट्रॉन. मुक्त इलेक्ट्रॉन मानले तर प्रत्येक धातूसाठी तो १ यायला हवा. सोडियमसाठी १.२, पोटॅशियमसाठी १.१, ठीक. अ‍ॅल्युमिनियमसाठी मात्र उणे ०.३! चिन्हच उलटं. लेखक तिथे उत्तर देत नाहीत. तिसरं अख्खं प्रकरण मुक्त इलेक्ट्रॉनांचं प्रतिरूप कुठे कुठे फसतं यावर आहे, आणि उलगडा व्हायला बारावं उजाडतं. होलवरचा (होल म्हणजे इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन प्रभारासारखी वागते) भाग मी तीनदा वाचला तेव्हा तो आकडा बोलू लागला. उणे ०.३ म्हणजे जवळपास उणे एक-तृतीयांश. अणूमागे तीन संयुजा इलेक्ट्रॉन आहेत, पण तीव्र चुंबकीय क्षेत्रात दिसतो एकच वाहक, आणि तो धन. सिद्धांत कुठे तुटतो ते आधी दाखवायचं आणि मगच पुढचा उभा करायचा, ही या पुस्तकाची पद्धत मला इतर कुठल्या पाठ्यपुस्तकात इतक्या नेटाने पाळलेली दिसली नाही.

त्रास सर्वांत जास्त होतो तो एककांचा. सगळं गाउसियन सीजीएसमध्ये (सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत) आहे, त्यामुळे हॉल गुणांकाच्या सूत्रातही छेदात c, म्हणजे प्रकाशाचा वेग, येतो. नेट-गेटचे प्रश्न एसआयमध्ये असतात. मी रूपांतराचा एक कार्डपेपर करून पुस्तकातच ठेवलाय. सेमीकंडक्टरला दोनच प्रकरणं आहेत, अतिवाहकतेला (विद्युतरोध शून्य होतो त्या अवस्थेला) शेवटचं एक. क्वांटम हॉल परिणाम १९८०चा आणि उच्च तापमानाचे अतिवाहक १९८६चे, ते इथे असणं शक्यच नाही. त्यासाठी दुसरं पुस्तक लागेलच.

परीक्षेला महिनाच उरला असेल तर हे हातात धरू नका, किटेलच बरं. पण हाताशी एक सत्र असेल तर पहिली तीन प्रकरणं ग्रंथालयातून आणून जरूर वाचा. स्फटिकातल्या इलेक्ट्रॉन-तरंगांविषयीचं ब्लॉखचं प्रमेय येतं ते आठवं मात्र क्वांटम मेकॅनिक्सचा पेपर झाल्याशिवाय पचणार नाही. प्रकरणाअखेरची गणितं सोडू नका. मागे उत्तरं दिलेली नाहीत, पण बरीचशी टप्प्याटप्प्यांत मोडून दिली आहेत आणि काय सिद्ध करायचं तेही सांगितलेलं असतं, त्यामुळे आपण कुठे अडलो ते कळतं.

सध्या मी एकविसाव्यावर आहे. अणू आपापल्या जागी स्थिर आहेत असं इतके दिवस धरून चाललो होतो. ते गृहीतक कुठे कुठे फसतं, त्याचं हे प्रकरण.