ब्लड बोल 2 : आधी सुरक्षित चाल, मग फासा

ऑर्क, बुटके, एल्फ अशा काल्पनिक जमातींचे संघ, अमेरिकन फुटबॉलसारखं मैदान आणि आळीपाळीने चाली. 1986 च्या बोर्ड गेमवर बेतलेला हा व्हिडिओ गेम 2015 मध्ये आला आणि मी अजूनही तो आवडीने खेळते.

नशिबाचा खेळ म्हणून बरेच जण याला नावं ठेवतात. मला ते मुळीच पटत नाही. मैदानावर प्रत्येक संघाचे 11 खेळाडू, प्रत्येक हाफमध्ये प्रत्येकाला 8 डाव, आणि एका डावात आपले सगळे खेळाडू एकेक करून हलवायचे. आपलाच खेळाडू धडक देताना आडवा झाला की डाव तिथेच संपतो, बाकीचे जागच्या जागी राहतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: ज्याला फासा लागत नाही ती चाल आधी, जोखमीची शेवटी. धडकेआधी शेजारी मदतनीस आणून ताकद वाढवली की दोन फासे मिळतात आणि त्यातला कुठला घ्यायचा हे आपण ठरवतो. कवटी आली की आपलाच खेळाडू आडवा; दोन्हींवर कवटी येण्याची शक्यता 36 त 1. एकाच फाशावर धडक मारली तर तीच 6 त 1! हे गणित अंगी मुरलं की हरतानाही मजा येते.

लीगमध्ये मात्र काळीज घट्ट हवं. अनुभवाने तयार झालेला खेळाडू मेला की कायमचा गेला. मला याच कारणाने प्रत्येक सामना खरा वाटतो.

संगणकाचा संघ फारच कच्चा खेळतो, तेव्हा माणसांशीच खेळा. सुरुवातीला ऑर्क घ्या. चिलखत जाड, चुका पचतात. एल्फ नंतर.