व्हीएममधलं घड्याळ मागे पडतंय? क्रोनी लावा, पण एक ओळ बदलून

केव्हीएम (लिनक्समधली व्हीएम, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवायची सोय) असो की क्लाउड, टाइम सिंकसाठी, म्हणजे घड्याळ जुळवायला, मी सगळीकडे क्रोनी हाच प्रोग्रॅम टाकतो आणि हेच काम करणाऱ्या जुन्या एनटीपीडीकडे परत जायची इच्छा नाही.

व्हीएम पॉज केली, लॅपटॉप स्लीपला गेला किंवा स्नॅपशॉट (व्हीएमची आधी साठवलेली स्थिती) रिस्टोअर केला की मधे किती वेळ गेला याचा आतल्या लिनक्सला पत्ताच नसतो, ते थांबलं होतं तिथूनच पुढे मोजायला लागतं. फरक १००० सेकंदांच्या वर गेला की चालू एनटीपीडी सरळ बंद पडतो, क्रोनी टिकून राहतो.

पण बऱ्याच डिस्ट्रोत (लिनक्सच्या वेगवेगळ्या रूपांत) क्रोनीच्या सेटिंग फाइलमध्ये डिफॉल्ट ओळ असते 'मेकस्टेप १.० ३', म्हणजे घड्याळाने एकदम उडी मारायची मुभा फक्त पहिल्या तीन अपडेटना, नंतर तो घड्याळ हळूहळू ओढत आणतो. कमाल वेगानेही एक सेकंद भरून काढायला १२ सेकंद लागतात, म्हणजे तासभर झोपलेली व्हीएम ताळ्यावर यायला १२ तास!! तोपर्यंत ओटीपी चुकतात, कर्बेरॉस (नेटवर्कवर ओळख तपासणारी यंत्रणा) लॉगिन नाकारतं (त्याला ५ मिनिटांपर्यंतच फरक चालतो). त्या तीनच्या जागी उणे एक टाका, म्हणजे उडी मारायची मुभा कायम राहते, काम झालं. डेटाबेसच्या व्हीएमवर मात्र विचार करून, तिथे घड्याळाने मागे उडी मारलेली परवडत नाही.

मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे पीटीपी-केव्हीएम. हे लिनक्सचं मॉड्यूल लोड केलं की गेस्टला (व्हीएमला) होस्टचं (ती चालवणाऱ्या मूळ मशीनचं) घड्याळ थेट वाचता येतं, नेटवर्कची भानगडच नाही, क्रोनीला रेफक्लॉक (संदर्भाचं घड्याळ) म्हणून ते डिव्हाइस द्यायचं आणि 'क्रोनीसी ट्रॅकिंग' ही कमांड मारून सिस्टिम टाइमची ओळ बघायची, दशांश चिन्हानंतर शून्यांची रांग दिसली की बरं वाटतं. अर्थात होस्टचंच घड्याळ चुकलेलं असेल तर गेस्टही तेवढंच चुकणार, त्यामुळे आधी होस्ट नीट करा.

ॲमेझॉनच्या क्लाउडवर त्यांचा टाइम सर्व्हर १६९.२५४.१६९.१२३ वापरा, पण सोबत बाहेरचे सर्व्हर मिसळू नका, तिथे लीप सेकंद (अधूनमधून घड्याळात घातला जाणारा जादा सेकंद) एकदम न घालता पसरवून देतात, त्यामुळे दोन्हींची वेळ जुळत नाही. भारतात काम करत असाल तर २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेशाप्रमाणे वेळ एनआयसी (राष्ट्रीय माहितीविज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) सर्व्हरशी किंवा त्यांच्यावरून वेळ घेणाऱ्या सर्व्हरशी जुळलेली लागते. आणि व्हीएमवेअरवर व्हीएम चालवत असाल तर व्हीएमवेअर टूल्सचा पिरियॉडिक सिंक (ठरावीक वेळाने घड्याळ जुळवणं) बंद ठेवा, एकाच घड्याळाला दोघांनी हात लावायचा नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो त्या डिफॉल्ट ओळीसाठी, आपण व्हीएममध्ये आहोत हे लिनक्सला कळतं, मग इन्स्टॉल करतानाच ती बदलून द्यायला काय हरकत आहे?