फायर किटची सीलबंद बॅग: फायरमनच्या बायकोचा रिव्ह्यू

बॅग वापरतो नवरा, पण रिव्ह्यू मी लिहितेय कारण तिचा खरा फायदा आम्हा घरच्यांना झालाय. जाड कापड, आतून वॉटरप्रूफ कोटिंग, तोंड गुंडाळून क्लिप लावायची. आग विझवताना घालायच्या किटमधले कोट, पॅन्ट, हूड, ग्लोव्ह्ज आरामात मावतात, बूट मात्र कोंबावे लागतात.

आधी आगीच्या कॉलनंतर किट तसंच गाडीत यायचं आणि त्याच गाडीत मागे लेकीची सीट. काजळीत पीएएच म्हणून जी रसायनं असतात ती कातडीतूनही अंगात जातात. २०२२ मध्ये डब्ल्यूएचओच्या आयएआरसी या कॅन्सर संस्थेने फायरफायटरचं कामच ग्रुप १ मध्ये टाकलं, म्हणजे या कामाने माणसाला कॅन्सर होऊ शकतो याचा पुरेसा पुरावा आहे, आणि हे वाचल्यापासून माझ्या पोटात गोळाच यायचा. मग तो दारात आला की माझं सुरू, इथे बसू नको, हिला उचलू नको, आणि तो रात्रभर जागून आलेला, त्याला वाटायचं घरातही आपण नकोसे झालो. खूप ताण व्हायचा हो.

आता किट स्टेशनवरच बॅगेत बंद होतं, तो तिथेच अंघोळ करून, कपडे बदलून येतो आणि लेक धावत जाऊन बिलगली तरी मी निवांत असते. एवढ्यासाठीच मी या बॅगेला पूर्ण मार्क देईन. वाईट कॉल असला तर तो गप्प असतोच, त्यावर बॅग काय करणार, पण आमचं ठरलंय की त्याने "आज जड होतं" एवढंच सांगायचं, मी झोप होईपर्यंत काही विचारत नाही, आणि आता दारातली कटकट नसल्यामुळे तो तेवढं तरी सांगतो.

तक्रार एकच, आतल्या शिवणीत काजळी अडकते आणि घासूनही नीट निघत नाही. ओलं किट आत फार वेळ ठेवू नका, बुरशी येते, आणि वाळवायचं ते सावलीत, उन्हाने किटचं अरामिडचं, म्हणजे आगीत टिकणाऱ्या धाग्याचं, कापड कमकुवत होतं.

घेणार असाल तर मोठी साइज घ्या. आणि स्टेशनवर धुवायची सोय असेल तर किट घरी आणूच नका, घरच्या वॉशिंग मशीनमध्ये तर अजिबात टाकू नका.