दहापटीचं भिंग: सहा महिने वापरल्यावर

हे भिंग मी देव बघायला घेतलं नव्हतं. पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली, त्यात डोळ्यांचं व्हायचं ते झालं. औषधाच्या पट्टीवरची तारीख दिसेना म्हणून मागवलं. अंगठ्याएवढं, आपल्याच धातूच्या कवचात मिटणारं, 18 मिलिमीटर व्यासाच्या काचेचं. तारखेसाठी ते कुचकामी निघालं, कारण एका वेळी जेमतेम चार-पाच अक्षरं दिसतात. तेवढ्यासाठी घेणार असाल तर दोन-तीनपटीचं मोठं भिंग घ्या, हे नको.

धरायची रीत आधी शिकावी लागते. गुप्तहेरासारखा हात लांब केला तर नुसतं धुकं. भिंग थेट डोळ्याला लावायचं आणि वस्तू भिंगाकडे आणायची. साधारण अडीच सेंटिमीटरवर आली की ती लख्ख होते. खरंच दहापट आहे का, हेही घरी तपासता येतं. उन्हात कागदावर सूर्याचा ठिपका सर्वांत बारीक होईपर्यंत भिंग मागेपुढे करा आणि अंतर मोजा. 25 मिलिमीटरच्या आसपास भरलं की दहापट. याआधी मी ‘30 पट’ छापलेलं एक घेतलं होतं, त्याचंही अंतर तेवढंच भरलं! खरं तीसपट असतं तर आठ मिलिमीटर यायला हवं होतं. (मोजून झालं की लगेच मिटा, कागद पेटतो. आणि भिंगातून सूर्याकडे कधीच बघू नका.)

तर, परत करायच्या आधी एकदा म्हणून ओल्या भिंतीवरचं मखमली शेवाळ बघितलं. केसाएवढ्या तांबूस दांड्या, प्रत्येकीच्या टोकाला एक इवलीशी डबी. झाकण गळून पडलेल्या एका डबीच्या तोंडाशी दातांची गोल रांग होती. मी मोजले, सवयच ती. पंधरा. शेवाळाचे हे दात चाराच्या पटीत असतात, बऱ्याच जातींत सोळा, हे नंतर वाचलं. म्हणजे एक गळलेला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारीला इथेही चूक सापडली म्हणून हसू आलं. भिंग सावरताना माझा श्वास तिच्यावर गेला आणि ते दात हलले. दमट हवा लागताच हळूहळू आत वळले, मग सुकले तसे पुन्हा बाहेर. कोरड्या हवेत बीजाणू सोडायचे, ओलीत दार लावून घ्यायचं, एवढंच त्यांचं काम. कारण कळलं म्हणून माझ्या अंगावरचा काटा काही गेला नाही. रोज सकाळी डोळे मिटून प्रार्थनेला बसते, आणि दुसऱ्याच मिनिटाला मन भरायच्या बिलांवर जातं. त्या भिंतीपाशी मात्र वीस मिनिटं उभी होते आणि बिलं आठवली नाहीत. त्या वीस मिनिटांत समोर कोणीतरी होतं, असं मी म्हणेन. तुम्ही नका म्हणू हवं तर.

सगळंच असं गोड दिसत नाही. पानामागे मावा बघत होते, त्यात एक फुगलेला, तपकिरी, पाठीला अगदी गोल भोक पडलेला. बारीक गांधीलमाशी त्याच्या आत अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि वाढ पूर्ण झाली की भोक पाडून बाहेर पडते. अशाच जातीच्या माश्यांबद्दल डार्विननं 1860 साली एका पत्रात लिहिलं होतं की दयाळू देवानं त्या मुद्दाम घडवल्या असतील हे माझ्या मनाला पटत नाही. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. पान परत उलटं करून ठेवलं, एवढंच.

घरात बसून बघायचं तर स्वतःचं बोट बघा. कपडे, भांडी, लेखणी, सगळं झिजवलेलं ते बोट. ठशाच्या वळ्यांच्या माथ्यावर ओळीनं छिद्रं दिसतात, आणि थोडं थांबलं की एकेका छिद्रात घामाचा थेंब चमकतो. जुळ्यांचेही ठसे सारखे नसतात. छापखान्याच्या हिशेबात ही एका प्रतीची आवृत्ती, तीही जन्माआधीच छापून तयार.

आता तक्रारी. सोबतचा एलईडी दिवा बिनकामाचा, त्याच्या पांढऱ्या झगझगाटात सगळं सपाट दिसतं. खिडकीतला तिरपा उजेड बरा. बिजागरीचा स्क्रू महिन्याभरात ढिला झाला, चष्म्याच्या पेचकसानं आवळला. दोरी मिळत नाही, ती स्वतः बांधा, कारण ही वस्तू हरवायलाच बनवली आहे. काच मात्र उत्तम. तीन भिंगं चिकटवलेली असल्यानं कडेला रंगांची झालर दिसत नाही.

पाचपैकी साडेतीन तारे. त्यातला अर्धा यासाठी की एकदा ते त्या भिंतीवरच विसरले, रात्रभर पाऊस पडला, आणि सकाळी पुसून उघडलं तर आत वाफेचा ठिपकासुद्धा नव्हता.