दाण्यात लोह वाढवायचं: हिराकस, फवारणी की बियाणंच बदलायचं?

राहायला मुंबईत, शेती गावी आणि वर्षाचं धान्य तिथूनच येतं, अशी घरं लालबागपासून बोरिवलीपर्यंत कितीतरी आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत राज्यातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाचं एक मोठं कारण लोहाची कमतरता, म्हणून पेरणीआधी गावाकडच्या भावाशी बोलताना दाण्यातल्या लोहाचा विषय जरूर काढा.

सगळ्यात स्वस्त हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. पण घाटावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह कमी नसतं, ते अडकलेलं असतं. वरून नुसतं टाकलेलं हिराकसही तिथे लवकरच पिकाला न मिळणाऱ्या रूपात जातं. एकरी 8-10 किलो शेणखतात मुरवून दिलं तर थोडं टिकतं. चिलेटेड लोह म्हणजे लवकर अडकू नये म्हणून सेंद्रिय रेणूत धरून ठेवलेलं लोह. त्यातला ईडीटीए हा प्रकार अशा जमिनीत तग धरत नाही. ईडीडीएचए धरतं, पण बाजरीला तो खर्च परवडणार नाही.

फवारणीचा गुण लगेच दिसतो. कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या की 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस आणि थोडं सायट्रिक ॲसिड घालून फवारावं. द्रावण ताजंच वापरा. बोअरच्या पाण्यात ठेवून दिलं तर हिरवट रंग जाऊन तांबूस होतं आणि तळाशी गाळ बसतो. मग ते मारून उपयोग नाही. पीक सुधारतं हे खरं, पण पानावरचं लोह कणसापर्यंत फारसं सरकत नाही. जस्ताची फवारणी दाण्यात जितकी उतरते, तितकी लोहाची उतरत नाही. नत्र वेळेवर मिळालेल्या पिकाच्या दाण्यात मात्र लोह जरा जास्त येतं.

माझ्या मते बाजरीवाल्यांनी आधी बियाणं बदलावं. 2012 साली महाराष्ट्रासाठी आलेल्या ‘धनशक्ती’ वाणात किलोमागे सुमारे 71 मिलिग्रॅम लोह असतं, साध्या बाजरीत साधारण 45-50. शिवाय हा सुधारित वाण आहे, संकरित नाही, त्यामुळे नीट निवडलेलं घरचं बी पुन्हा पेरता येतं. ‘एएचबी 1200’ संकरित आहे, लोह 73 च्या आसपास, पण बी दरवर्षी विकत घ्यावं लागतं.

खाणाऱ्याला फरक पडतो का? अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचं अहिल्यानगर) वसतिगृहातल्या किशोरवयीन मुलांना जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी आणि शेव दिली, तेव्हा शरीरातला लोहाचा साठा वाढल्याचं 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. मुंबईच्या वस्त्यांमधल्या 12 ते 18 महिन्यांच्या मुलांमध्ये मात्र एकंदरीत तसा ठळक फरक आढळला नाही. तान्ह्यांसाठी फक्त बाजरीवर विसंबू नका, डॉक्टरांचा सल्ला घ्याच.

कोकणातल्या भाताला लोह घालण्यात पैसे घालवू नका. तांबडी जमीन लोहानेच भरलेली आहे, आणि साचलेल्या पाण्यात ते पिकाला मिळतंही. तरी पॉलिश केलेल्या 100 ग्रॅम तांदळात जेमतेम 0.65 मिलिग्रॅम उरतं. नाचणीत 4.6. तिथे हातसडीचा तांदूळ खा आणि वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत नाचणी वाढवा.

बाजरी मुंबईला आणाल ती धान्यानेच आणा आणि आठवड्यापुरतीच दळा. पीठ लवकर कडू होतं. भाकरीसोबत लिंबू घ्या, आणि चहा निदान तासभर लांब ठेवा.